वहिनी, ती काच कोणाची होती?

वहिनी, माझा तुमच्यावर संशय आहे.

गेलेल्या माणसाशी बोलायला अशी सुरुवात करत नाहीत, हे मला कळतं. दशक्रियेला घाटावर ज्यांच्या ज्यांच्या हाती माइक आला, त्या सगळ्यांनी तुम्ही किती मायाळू आणि मृदू होतात ते सांगितलं. मायाळू ठीक आहे. मृदू ही बातमी मला नवीन होती. तुम्ही तिथे असतात तर 'कोणाविषयी चाललंय?' असं शेजारच्या बाईला नक्की विचारलं असतंत. मग माइक माझ्याकडे आला. आपल्या घरात लग्नात पंगत लांबली की गोष्ट सांगायला मला उभं करतात आणि मयतीला आठवण सांगायलाही मलाच. मी घशाला हात लावून 'बसलाय' अशी खूण केली. घसा ठणठणीत होता. पण माझ्याकडे आठवण नव्हती, प्रश्न होता, आणि तो भावकीसमोर, दादाच्या देखत विचारण्यासारखा नव्हता.

म्हणून इथे विचारतो. त्या दुपारी मायक्रोस्कोपखाली तुम्ही आम्हाला जी काच दाखवलीत, ती कोणाची होती?

आता तुम्हाला माहीत असलेलंच थोडं पुन्हा सांगावं लागेल, कारण वाचणारे आपल्या घरचे नाहीत, आणि मी गोष्ट मधूनच सुरू केली की तुम्ही टोकायचात. तर, आम्ही धायरीचे मांडववाले. धायरी शहरात आली, शेतांवर इमारती आल्या, आमच्या बांबूंचं गोडाऊन मात्र जिथल्या तिथे राहिलं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, वर चढणारा. मी खाली उभं राहून गिऱ्हाइकाशी बोलणारा. माझा आकार पाहून बांबूनंच मला नकार दिलेला आहे. अशा घरात शनिवार पेठेतली, मेडिकल कॉलेजात पेशींची सूक्ष्म रचना शिकवणारी, गाठींचे रिपोर्ट वाचणारी बाई सून म्हणून आली. कॉलेजच्या गॅदरिंगचा मांडव घालायला दादा गेला होता, तिथे काय झालं ते तुम्ही दोघांनीही कधी नीट सांगितलं नाहीत. तोही माझा एक जुना संशय आहे, पण तो सोडून देतो.

लग्नाचा मांडव अर्थातच आमचा. अक्षता पडल्या, फोटो झाले, आणि शालूतली नवी नवरी उठून एका खांबापाशी गेली आणि तिनं तो दोन्ही हातांनी हलवून पाहिला. नवरी म्हणाली, "हा हलतोय."

आई माझ्या कानात म्हणाली, "आता गं बया. ही तर तपासणी हाय."

खांब खरंच हलत होता. दादानं मुंडावळ्या मागे सारल्या, चौरंगावर चढला आणि दोरी नव्यानं आवळली. वऱ्हाडी हसत होते, पण अण्णा हसले नाहीत. आमचे वडील लंगडत तुमच्याजवळ आले आणि त्यांनी तुम्हाला धंद्याचे दोन नियम सांगितले. दुसऱ्या कुठल्या सासऱ्यानं सुनेला आशीर्वाद दिला असता. ज्यानं दोरी बांधली, त्यानं ती तपासायची नाही. दुसऱ्यानं हलवून बघायची. आणि वर चढलेल्या माणसाला खालून हाक मारायची नाही. काहीही होवो, तो उतरेपर्यंत थांबायचं. अण्णांचा पाय ह्या दुसऱ्या नियमापायीच गेलेला होता. आजी अत्यवस्थ आहे असं कोणीतरी खालून ओरडलं, अण्णांनी वळून पाहिलं, आणि मग आजी बरी झाली पण अण्णा लंगडे झाले.

"पहिला नियम आमच्याकडेही आहे," तुम्ही म्हणालात. "आपण वाचलेली स्लाइड दुसऱ्यानं वाचायची. मग बरोबर आहे. हे बांधतील, मी हलवीन."

आणि तुम्ही खरोखरच हलवलेत. कॉलेजातून परत येताना रस्त्यात आमचं काम चालू असलं की रिक्षा थांबवून, पर्स खांद्यावर तशीच, खांब हलवून जायचात. कामगार तुम्हाला पाठीमागे 'भूकंप' म्हणायचे. हे तुम्हाला ठाऊक होतं असा माझा अंदाज आहे.

संशय हा तुमचा मूळ स्वभाव की धंद्यामुळे जडलेला, ते मला ठरवता आलं नाही. आंबेवाला देवगड म्हणाला की तुम्ही आंब्याकडे न बघता त्याच्याकडे बघायचात. माझ्या मुलाच्या निकालाचे पेढे घेऊन मी आलो, तर पेढा तोंडात टाकायच्या आधी तुम्ही विचारलंत, "कुठल्या विषयात राहिलाय?" राहिला होता. गणितात. मी ते पेढे संपल्यावर सांगणार होतो.

कॉलेजनं भंगारात काढलेला जुना मायक्रोस्कोप तुम्ही घरी आणलात आणि तो जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला कायमचा बसला. लोणच्याच्या बरण्या आणि तो. रविवारी जेवणं झाली की घरातल्या एकेकाला बोलावून तुम्ही काही ना काही दाखवायचात. आई एका डोळ्यानं बघायची आणि म्हणायची, "पैठणीचा काठ हाय का गं ह्यो?" तुम्ही म्हणायचात, "हो आई, तसाच समजा." आईला तुम्ही सूट द्यायचात. मला नाही.

माझ्या वाट्याला यायची ती लसिकाग्रंथी. मानेत, काखेत, जांघेत असतात त्या घेवड्याच्या दाण्याएवढ्या ग्रंथी. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात बघितलं की त्यात नुसती जांभळ्या ठिपक्यांची गर्दी. त्या म्हणे आपल्या लढणाऱ्या पेशी. आणि मग तुम्ही दुसरी काच लावायचात, चांदीच्या द्रावणानं रंगवलेली. तिच्यात ती गर्दी फिकी पडायची आणि सगळीकडे बारीक काळ्या दोऱ्यांचं जाळं उठून यायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अहो, हा तर आपला मांडव."

तेवढं एक वाक्य माझं तुम्हाला आवडलं. पण तुम्ही ते लगेच तपासायला घेतलंत. काळे दिसतात ते तंतू, म्हणालात. त्यांना कवटाळून बसलेल्या असतात त्या आधाराच्या पेशी. त्या हात पसरून एकमेकींना धरतात, आणि त्यांच्यामुळे ग्रंथी उभी राहते.

"म्हणजे खांब," मी म्हणालो.

"पुस्तकं तेच म्हणतात. पन्नास पानं लढणाऱ्या पेशींवर आणि ह्यांच्यावर एक ओळ. आधार देतात. बास." तुम्ही चष्मा काढून पुसायला लागलात, म्हणजे आता लांबणार हे मी ओळखलं. "मला ते कधीच पटलं नाही. भावजी, जो नुसता उभा आहे असं वाटतं ना, पहिला संशय त्याच्यावर घ्यायचा. तो काहीतरी करत असतो आणि सांगत नसतो."

मग कळत गेलं तसं तुम्ही मला एकेक सांगायचात. पदार्थ वाढता वाढता सांगायचात, त्यामुळे मला आजही काही गोष्टी चवीसकट आठवतात. त्या पेशी तंतूंभोवती खोळीसारख्या असतात आणि त्या खोळीच्या आतून पातळ रस झिरपत जातो, म्हणजे बाहेर काय घडलंय त्याची खबर आतपर्यंत पोचते. ही वरण-भातावर. लढणाऱ्या पेशींनी कुठल्या वाटेनं जायचं ते ह्याच पेशी रसायनं सोडून दाखवतात आणि त्यांना तगवायला लागतं तेही पुरवतात. ही वांग्याच्या भरतावर. आजार आला की ह्याच आपली पकड सैल करतात, म्हणून ग्रंथीला फुगायला जागा होते. आणि ग्रंथीतल्या गोल कप्प्यांत ह्यांचीच एक फांदीदार जात असते, ती शत्रूचे तुकडे अंगावर धरून ठेवते. खात नाही, टाकत नाही. महिनोन्‌महिने धरून ठेवते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पेशींना दाखवत राहते, म्हणजे त्यांची ओळख पक्की व्हावी.

"हे तर तुमच्यासारखंच," मी म्हणालो. "माझ्या लग्नात मी मठ्ठा सांडला होता, तो तुम्ही अजून पाहुण्यांना दाखवता."

"ओळख पक्की व्हायला नको?"

ह्याच्यावरून आपला वाद जन्मभर चालला. माझं म्हणणं साधं होतं. खांब म्हणजे खांब. त्याच्यावर झालर लावा, दिवे सोडा, पण खाली लग्न कोणाचं चाललंय हे खांबाला कळत नाही. तुम्ही म्हणायचात, मग मांडव घालताना पहिल्या खांबाची पूजा का करता? मुहूर्तमेढीला हळदकुंकू का लावता? खांबाला सगळं कळत असतं. मी म्हणायचो, ती प्रथा आहे. तुम्ही म्हणायचात, प्रथा म्हणजे उत्तर सुचलं नाही की द्यायचं उत्तर. हा वाद आपण पुरा केला नाही. तो आता माझ्या अंगावर तसाच आहे, आणि त्याच्याविषयी मला पुढे एक वाईट बातमी सांगायची आहे.

त्या चांदीच्या काचेच्या एका कोपऱ्यात, ग्रंथीचा काप दुमडून पडलेली एक काळी घडी होती. विळ्याच्या पात्यासारखी. पहिल्याच दिवशी मला ती सगळ्यात आधी दिसली आणि मी मोठ्या उत्साहानं हा कुठला भाग म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, "तो टेक्निशियनच्या घाईचा भाग आहे." पुढे दर वेळी काच लावली की मी आधी तो विळा शोधायचो. ओळखीचं काहीतरी दिसलं की बरं वाटायचं. बाकी मला किती कळलं ते विचारू नका, पण तो विळा मी कुठेही ओळखला असता.

आता त्या वर्षाकडे येतो.

गणपती तोंडावर आले होते. मांडववाल्यांच्या घरात त्या दिवसांत कोणी कोणाचा नसतो. दादा सकाळी बांबूवर चढायचा तो जेवायलाच उतरायचा. तुमच्या मानेत डाव्या बाजूला बोराएवढं काहीतरी लागतंय, असं तुम्ही भाजी निवडताना सांगितलंत, भाव सांगावा तसं. ते काढायला मीच तुम्हाला गाडीतून घेऊन गेलो, कारण मी एकटाच जमिनीवर होतो. पुढे काही दिवसांनी, दादा जेवायला आलेला असताना, तुम्ही मायक्रोस्कोपचा दिवा लावलात.

दादानं विचारलं, "रिपोर्ट?"

"आला."

"कोणी पाहिला?"

"मीच पाहिली ना स्लाइड."

"मग?"

"घाई करण्यासारखं काही नाही," तुम्ही म्हणालात आणि बाजूला सरकलात. "बघा. लसिकाग्रंथी अशी असावी."

दादानं पाहिलं. त्याला त्यातलं काही कळत नसे, पण तुमच्या आवाजावरून त्याला सगळं कळायचं, आणि तुमचा आवाज खणखणीत होता. तो जेवला आणि परत कामावर गेला. मग मी डोळा लावला. काळं जाळं, सुरेख, एकसारखं. आणि कोपऱ्यात विळा.

मी वर पाहिलं. तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. म्हणालात, "नीट बघितलंत का भावजी? ताक घेणार?"

मी ताक घेतलं. पण गोडाऊनकडे चालत जाताना तो विळा माझ्याबरोबर आला. त्याच आठवड्यात मी तुम्हाला विचारलं, तुम्हाला आठवत असेल. म्हटलं, वहिनी, ती काच तुमच्या डब्यातली जुनी वाटली. तुम्ही भाकरी थापत होतात. थापता थापता म्हणालात, "एका घडीवरून निदान करायला लागलात? कॉलेजात जागा आहे, अर्ज करा." काप घेताना घड्या पडतातच, असंही म्हणालात. मी पुन्हा एकदा विचारलं तेव्हा तुम्ही मला नारळ आणायला पाठवलंत. घरात नारळ होते.

विसर्जन झालं. बांबू धुऊन, मोजून गोडाऊनमध्ये पडले. दुसऱ्याच दिवशी सकाळी, दादा अंगणात पाय पसरून बसलेला असताना, तुम्ही आम्हा सगळ्यांना सांगितलंत की ग्रंथीत चांगलं नाही. लिम्फोमा आहे, म्हणजे ग्रंथींचा कॅन्सर, पण हळू वाढणारा आहे, औषधं लवकरच सुरू होतील.

दादा जे बोलला ते मला आवडलं नव्हतं, पण त्याच्या जागी मीही तेच बोललो असतो. "अख्ख्या गावाचे रिपोर्ट बरोबर वाचतेस. आणि स्वतःचाच चुकलीस?"

आम्ही सगळे तुमच्या उत्तराची वाट बघत होतो. मी मनातल्या मनात दादासाठी घाबरलो होतो, कारण असल्या वाक्यावर तुम्ही माणूस उभा चिरायचात. तुम्ही पदराचं टोक बोटाला गुंडाळलंत आणि म्हणालात, "हो. चुकले."

वहिनी, तिथे माझा संशय पक्का झाला.

तुम्ही कधी चुकला नाहीत असं माझं म्हणणं नाही. साबुदाण्याची खिचडी तुम्हाला शेवटपर्यंत जमली नाही. पण ती चिकट झाली तर साबुदाणा जुना होता. रस्ता चुकलात तर पाटी चुकीची होती. त्या घडीचा दोषही टेक्निशियनचा होता. 'चुकले' हा शब्द मी तुमच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता, त्यानंतरही नाही. आणि एवढा मोठा पहिलाच शब्द तुम्ही इतक्या हळू, इतक्या सहज बोललात, की मला वाटलं, ही बाई काहीतरी लपवतेय.

पुढची वर्षं औषधांची गेली. चांगले दिवस पुष्कळ आले, हे मी विसरणार नाही. केस गेले तेव्हा आईनं तुम्हाला आपली कानटोपी दिली आणि तुम्ही ती घालून खांब हलवायला आलात. मग त्या आजारानं रूप बदललं, हळू वाढणारा तो घाईनं वाढायला लागला, आणि तुम्ही गेलात. ह्यापेक्षा जास्त मला लिहायचं नाही. घाटावर सगळं सांगून झालंय.

दादाचं सांगतो. दादा रडला नाही. त्यानं मायक्रोस्कोपवर टॉवेल टाकला. तेरावा झाल्यावर मला म्हणाला, "हे धूड घेऊन जा आणि कॉलेजला देऊन टाक. त्या काचांचा डबाही ने. मला घरात नको." मी म्हटलं, राहू दे की, वहिनींची आठवण. तो म्हणाला, "ह्याच्यातनं बघून ती चुकली. त्या वेळी बरोबर दिसलं असतं तर आज असती." मग तो शनिवार पेठेत देवळासमोरच्या उत्सवाच्या कामावर गेला आणि स्वतः वर चढला. ह्या वयात. कामगार नको म्हणत होते. गुडघे दुखतात म्हणून त्यानं चढणं केव्हाच सोडलं होतं, आता रोज चढतो. एकच दोरी परत परत सोडून बांधतो. माझी झोप ज्यानं उडाली ते हे आहे, वहिनी. माणूस तुमच्यावर रागावून बांबूवर चढला, तर खाली कसा येणार?

म्हणून मी डबा घेतला, पण कॉलेजात गेलो नाही. येरवड्याला शबानाकडे गेलो. आपल्या मांडवांच्या झालरी तिचे वडील शिवतात, आणि ती तुमची विद्यार्थिनी, आता स्वतः तेच शिकवते. तिनं चहा टाकला. वडील आत मशीनवर होते, त्यांनी मशीन थांबवून तुमच्यासाठी दुवा केली आणि पुन्हा चालू केली. मी डबा टेबलावर ठेवला आणि विळ्याची काच तिच्या हातात दिली. म्हटलं, ही वहिनींच्या मानेतली आहे का, एवढंच सांग.

तिनं काच उजेडाकडे धरली. मायक्रोस्कोप काढायची तसदीही घेतली नाही. "ही नाही हो काका. ही शिकवायची काच. आमच्या बॅचला हीच दाखवायच्या. कोपऱ्यात घडी आहे बघा."

"मग त्यांची?"

शबानानं कपाची कड पुसली. मग म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही आधीच याल."

तिनं सांगितलं ते असं. गणपतीच्या आधी तुम्ही तिच्याकडे एक काच घेऊन गेलात. नावावर चिकटपट्टी लावलेली. म्हणालात, मी वाचलीय, आता तू वाच, मी काय वाचलं ते सांगणार नाही. तिनं वाचलं आणि मोठ्यानं सांगत गेली, वर्गात तुम्ही सांगायला लावायचात तसं. गोल कप्पे प्रमाणाबाहेर, एकमेकांना खेटून. शंका आली म्हणून खास रंगवलेली दुसरी काच मागितली, तर ती तुम्ही पर्समधून काढून दिलीत. तिच्यात आधाराच्या पेशींचं जाळं तपकिरी दिसत होतं. जागच्या जागी होतं, आणि त्याच जाळ्याला धरून नको त्या पेशी वस्तीला आल्या होत्या. तिनं निदान सांगितलं. तुम्ही म्हणालात, माझंही तेच. मग तिनं नेहमीचा प्रश्न विचारला, "पेशंटचं वय काय, मॅडम?"

"माझंच," तुम्ही म्हणालात.

शबाना आत जाऊन तोंड धुऊन आली. मशीनचा आवाज चालू होता.

मी विचारलं, उशीर झाला का? सगळं घर त्यावरच अडलंय. ती म्हणाली, नाही. त्या प्रकारात तेवढ्या आठवड्यांनी काही बिघडत नव्हतं. तुम्ही ते कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारलं होतं, आणि त्यांच्यावर विश्वास नव्हता म्हणून दुसऱ्यांनाही विचारलं होतं. नंतर आजार उलटला तो त्यामुळे नाही. "मी त्यांना म्हटलं, घरी आजच सांगा. तर म्हणाल्या, आत्ता सगळे वर आहेत, खाली उतरले की सांगीन. मला कळलं नाही. तुमचं घर तर तळमजल्याला आहे ना?"

मला कळलं. मी उठून गॅलरीत गेलो आणि रस्त्यावरच्या रिक्षा बघत उभा राहिलो.

मी तुमची त्या दुपारची सगळी वाक्यं काढून तपासली, वहिनी, तुमच्याच पद्धतीनं. मीच पाहिली. खरं. घाई करण्यासारखं काही नाही. खरं. लसिकाग्रंथी अशी असावी. हेही खरंच. एकही वाक्य हलत नाही. खोटं तुम्ही एकदाच बोललात, अंगणात, दादासमोर. हळूच, पदराला पीळ देत. आम्हाला अंधारात ठेवलंस असं त्यानं म्हणण्यापेक्षा चुकलीस असं म्हणावं, हे तुम्ही पत्करलंत. आणि तेही तुम्ही, साबुदाण्याला दोष देणारी बाई.

निघताना शबानानं आणखी एक सांगितलं, ती तुम्हाला कबूल केलेली वाईट बातमी. तुम्ही त्या दुसऱ्या काचेकडे फार वेळ बघत बसला होतात. आजाराच्या पेशींकडे तुमचं लक्षही नव्हतं, आधाराच्या पेशींकडे बघत होतात. ह्या आजाराच्या पेशींनाही धरतात, त्यांनाही तगवतात. शबाना म्हणाली, मॅडम चिडल्या होत्या. "म्हणाल्या, जन्मभर मी ह्यांची बाजू घेतली. आपण कोणाला धरलंय ते ह्यांना कळत नाही का?"

म्हणजे तुमच्या-माझ्या वादात मी जिंकलो. खांबाला वऱ्हाड कळत नाही. मला हा वाद असा जिंकायचा नव्हता, आणि हा निकाल मला मान्यही नाही. मी आता तुमच्या बाजूनं भांडणार आहे. त्या पेशींना कोणीतरी फसवलं असेल, त्यांना काच दुसरीच दाखवली असेल. हे शास्त्रात बसतं का ते शबानाला विचारीन. ती हसेल.

येरवड्याहून मी सरळ शनिवार पेठेत गेलो. डबा बगलेत तसाच. दादा वर होता, कमानीच्या टोकाला, दोन पायांत बांबू आवळून. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. दादा, त्या चुकल्या नव्हत्या. चार शब्द होते. मी तोंड उघडलं आणि मिटलं. खाली उभा राहिलो. ऊन उतरलं, देवळात कोणी घंटा वाजवून गेलं, चहावाला येऊन मला बिनसाखरेचा म्हणून साखरेचा चहा देऊन गेला. वर माणूस असताना खाली असं उभं राहणं किती जड असतं ते मला तिथे कळलं, वहिनी, आणि मी तर एक संध्याकाळच उभा होतो.

दादा उतरला. हात पुसत म्हणाला, "दिलंस का कॉलेजला?"

मी त्याला सगळं सांगितलं. चिकटपट्टी, पर्समधली काच, दोन डॉक्टर, विळा. मला वाटलं तो तुमच्यावर भडकेल, लपवलंस म्हणून. तो खांबाला टेकून ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे तिनं बरोबर वाचलं होतं."

"पहिल्याच दिवशी."

"आणि दुसऱ्याकडून तपासूनही घेतलं होतं."

"नाव झाकून."

त्यानं मान हलवली. त्याचा चेहरा असा झाला की जणू तुमचा कुठेतरी पहिला नंबर आलाय आणि ते त्याला आत्ता कळलंय. "चुकेल कशी," तो म्हणाला आणि मग तिथेच, देवळासमोर, रस्त्यावर, रडला. कामगार दोऱ्यांची भेंडोळी बघायला लागले. मी डबा धरून उभा होतो.

मायक्रोस्कोप टेबलावरच राहणार आहे. लोणच्याच्या बरण्यांना तशी सूचना दिली आहे.

माझा एक संशय मात्र मिटलेला नाही. डब्यात एवढ्या काचा होत्या, त्यात बिनघडीच्या कितीतरी. दादासाठी कुठलीही चालली असती. मग तुम्ही विळ्याचीच का लावलीत? आणि मी वर पाहिलं तेव्हा माझ्याकडे का बघत होतात? खाली निदान एका माणसाला कळलेलं असावं, असं तर तुमच्या मनात नव्हतं? विचारलं असतं तर तुम्ही नारळच आणायला पाठवलं असतंत, म्हणून विचारत नाही.

दादानं डोळे पुसले, वर पाहिलं आणि मला म्हणाला, "सुऱ्या, मी बांधलंय. हलवून बघ."

मी डबा खाली ठेवला आणि खांब दोन्ही हातांनी धरून हलवला, तुम्ही हलवायचात तसा.

हलला नाही, वहिनी. मी विश्वास ठेवला नाही. पुन्हा एकदा हलवून बघितला.